माफीविना भेट: हिरोशिमा आणि पर्ल हार्बर, २०१६

२०१६ या एकाच वर्षात अमेरिका आणि जपानच्या प्रमुखांनी एकमेकांच्या जखमेच्या जागी जाऊन फुलं वाहिली. २७ मे रोजी बराक ओबामा हिरोशिमाला गेले. पदावर असताना तिथे जाणारे ते पहिले अमेरिकन राष्ट्राध्यक्ष. बरोबर सात महिन्यांनी, २७ डिसेंबरला, जपानचे पंतप्रधान शिंझो आबे हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बरला, १९४१ मध्ये जपानने हल्ला केलेल्या अमेरिकन तळावर, गेले आणि बुडालेल्या अ‍ॅरिझोना युद्धनौकेवरच्या स्मारकात ओबामांच्या शेजारी उभे राहिले. दोघांपैकी कुणीही माफी मागितली नाही.

माफी टाळून केलेली भेट म्हणजे कॅमेऱ्यासाठी केलेला देखावा, असं बरेचजण म्हणतात. दुसरीकडे, अशा भेटींनी इतिहासाचं ओझं उतरलं असं मानणारेही भेटतात. मला दोन्ही मतं पटत नाहीत. माफीचा विषय बाजूला ठेवला म्हणूनच या भेटी होऊ शकल्या, हे मान्य करायलाच हवं. पण त्यांना जे वजन आलं ते नेत्यांनी आणलेलं नव्हतं. ते आणलं होतं कित्येक वर्षं एकट्याने खपलेल्या काही साध्या माणसांनी. आणि या भेटी उण्या पडल्या त्या समारंभात ज्यांचं नाव नीट घेतलं गेलं नाही, किंवा घेतलंच गेलं नाही, त्यांच्या बाबतीत.

आधीची सात वर्षं

५ एप्रिल २००९ रोजी प्रागमधल्या भाषणात ओबामा म्हणाले होते की, अण्वस्त्र प्रत्यक्ष वापरलेला एकमेव देश म्हणून अमेरिकेवर पुढाकार घेण्याची नैतिक जबाबदारी आहे. हिरोशिमात हे वाक्य कान देऊन ऐकलं गेलं. तेव्हाचे महापौर तादातोशी अकिबा यांनी तर ओबामांचं नाव गुंफून अण्वस्त्रमुक्तीची मोहीमच सुरू केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओबामा टोकियोला आले, पण हिरोशिमाला फिरकले नाहीत.

त्यामागची एक बाजू विकीलिक्सने फोडलेल्या अमेरिकन दूतावासाच्या गुप्त संदेशातून पुढे बाहेर आली. जपानच्या परराष्ट्र खात्यातल्या सर्वोच्च अधिकाऱ्याने अमेरिकन राजदूत जॉन रूस यांना आधीच सांगून ठेवलं होतं की, माफी मागायला हिरोशिमाला येण्याची कल्पना सोडून द्यावी, आणि साधी भेटसुद्धा इतक्यात नको. अण्वस्त्रविरोधी गटांच्या अपेक्षा भलत्याच वाढतील, ही त्यांची काळजी होती. अमेरिकेला लाज वाटते म्हणून तिचे अध्यक्ष हिरोशिमाला जात नाहीत, असं आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात यजमान सरकारच दार अर्धवट लोटून उभं होतं. जपानची सुरक्षा अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या छत्राखाली आहे. ते छत्र हवं आणि त्याच अस्त्राबद्दल माफीही हवी, हे टोकियोला अडचणीचं होतं.

अमेरिकेतली अडचण वेगळी आणि जास्त जुनी होती. १९९५ मध्ये, युद्ध संपल्याला ५० वर्षं झाली तेव्हा, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाने हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं ‘एनोला गे’ विमान मांडून त्यासोबत जमिनीवर काय घडलं तेही दाखवायचं ठरवलं. माजी सैनिकांच्या संघटना खवळल्या, अमेरिकन संसदेत आरडाओरड झाली, प्रदर्शन कापून अगदी छोटं करण्यात आलं आणि संचालक मार्टिन हार्विट यांना पद सोडावं लागलं. बॉम्बमुळे युद्ध लवकर संपलं, आमची मुलं वाचली, ही त्या पिढीची धारणा होती. १९४५ मध्ये ८५ टक्के अमेरिकनांनी बॉम्बहल्ल्याला संमती दिली होती. २०१५ मध्ये प्यू संस्थेने विचारलं तेव्हाही ५६ टक्के लोकांना तो समर्थनीय वाटत होता. जपानमध्ये मात्र ७९ टक्के लोक त्याला असमर्थनीय म्हणत होते. इतकी वेगळी स्मृती असलेल्या दोन देशांना एका व्यासपीठावर आणायचं म्हणजे पावलं मोजूनच टाकावी लागणार होती.

पहिलं पाऊल ऑगस्ट २०१० मध्ये पडलं. रूस हे हिरोशिमाच्या वार्षिक स्मृतिदिनाला हजर राहणारे पहिले अमेरिकन राजदूत ठरले. त्यांनी भाषण केलं नाही, नुसते बसून राहिले. पुढे राजदूत कॅरोलाइन केनेडीही त्या कार्यक्रमाला गेल्या. एप्रिल २०१६ मध्ये जी-७ या सात श्रीमंत देशांच्या गटाच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक हिरोशिमात भरली. तेव्हाचे जपानचे परराष्ट्रमंत्री फुमिओ किशिदा हिरोशिमाचेच खासदार. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी तिथलं अणुबॉम्बचं संग्रहालय पाहून बाहेर आले आणि कार्यक्रमात नसताना सगळ्यांनी अणुबॉम्ब घुमटापर्यंत, म्हणजे स्फोटानंतर उभ्या उरलेल्या इमारतीच्या सांगाड्यापर्यंत, चालत जावं असं त्यांनीच सुचवलं. अमेरिकेत त्यावर मोठा गदारोळ झाला नाही, आणि व्हाइट हाउसला नेमकं तेच पाहायचं होतं. १० मे रोजी ओबामांची भेट जाहीर झाली. त्याच वेळी सल्लागार बेन ऱ्होड्स यांनी लिहून टाकलं की, बॉम्ब वापरण्याच्या निर्णयाची अध्यक्ष पुन्हा चर्चा करणार नाहीत.

माफी कुणाला हवी होती?

माफी न मागण्याचं दडपण एकट्या अमेरिकेकडून आलं असं समजण्यात चूक आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये, युद्धसमाप्तीच्या ७० व्या वर्षी, आबे यांनी निवेदनात म्हटलं होतं की, युद्धाशी संबंध नसलेल्या पुढच्या पिढ्यांच्या नशिबी माफी मागत राहणं येऊ नये. हे म्हणणाऱ्या पंतप्रधानाला ओबामांची माफी नकोच होती. एका देशाने माफी मागितली की पुढचा प्रश्न जपानकडेच वळणार होता: जपानी सैन्याने चीनमधल्या नानजिंगमध्ये केलेल्या कत्तलीचं काय, सैन्याच्या वेश्यागृहांत डांबलेल्या कोरियन स्त्रियांचं काय, फिलिपिन्समधल्या बटानच्या सक्तीच्या पायपिटीत मेलेल्या युद्धकैद्यांचं काय?

आणि हिबाकुशा, म्हणजे बॉम्बमधून वाचलेली माणसं? त्यांच्यातल्या अनेकांना मनातून माफी हवी होती. पण मागणी लावून धरली तर भेटच रद्द होईल, हे त्यांना कळत होतं. तोवर त्यांचं सरासरी वय ८० च्या पुढे गेलेलं. अध्यक्षाने येऊन पाहावं, आमच्याशी बोलावं, आणि ही अस्त्रं संपवण्यासाठी काहीतरी करावं, इतकंच मागून बहुतेकजण थांबले. मला या प्रकरणातली सगळ्यात जड गोष्ट हीच वाटते. ज्यांचा हक्क सगळ्यात मोठा होता त्यांनीच तो आवरता घेतला आणि सरकारांची सोय केली. त्याला उदारपणा म्हणून दोन्ही राजधान्यांत कौतुक झालं. त्या उदारपणाची किंमत त्यांनी काय मोजली, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

भेटीच्या दोन दिवस आधी वातावरण आणखी बिघडलं होतं. ओकिनावात २० वर्षांच्या एका तरुणीच्या खुनाच्या प्रकरणात अमेरिकन तळावर काम करणाऱ्या माजी मरीन सैनिकाला अटक झाली होती. २५ मे रोजी ओबामांसोबतच्या पत्रकार परिषदेत आबे यांनी पहिल्यांदा त्याबद्दलच निषेध नोंदवला. जिथे पराभवानंतर सात दशकांनीही परक्या फौजेचे तळ आहेत, त्या बेटावर हिरोशिमाच्या भेटीची बातमी निराळ्याच मनाने वाचली गेली असणार.

ती संध्याकाळ

ओबामा इवाकुनीच्या अमेरिकन मरीन तळावर सैनिकांशी बोलून हेलिकॉप्टरने हिरोशिमात उतरले. संग्रहालयात ते जेमतेम दहा मिनिटं होते आणि मोजक्या वस्तू त्यांना प्रवेशदालनातच दाखवण्यात आल्या. जळून वितळलेल्या चीजवस्तूंची मुख्य दालनं त्यांनी पाहिली नाहीत. सोबत त्यांनी स्वतः दुमडलेले कागदी क्रौंच पक्षी आणले होते. दोन त्यांनी शाळकरी मुलांच्या हातात दिले आणि दोन अभिप्रायाच्या वहीपाशी ठेवले. सादाको सासाकी ही मुलगी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. १९५५ मध्ये बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने ती गेली. रुग्णालयात ती असेच पक्षी दुमडत बसायची.

मग पुष्पचक्र आणि १७ मिनिटांचं भाषण. त्यानंतर ओबामा पुढच्या रांगेकडे वळले. तिथे ९१ वर्षांचे सुनाओ त्सुबोई काठी टेकून उभे होते. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी ते वीस वर्षांचे, अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते, स्फोटाच्या मध्यापासून साधारण सव्वा किलोमीटरवर. अंगभर भाजलेल्या अवस्थेत ते मियुकी पुलापर्यंत पोचले, आणि आता वाचत नाही असं वाटून त्यांनी खड्याने जमिनीवर लिहिलं होतं की, त्सुबोई इथे मेला. त्यानंतर कर्करोग, रक्तक्षय, कितीतरी वेळा रुग्णालयाच्या वाऱ्या, आणि आयुष्यभर अण्वस्त्रविरोधी चळवळ. हा माणूस ओबामांचा हात धरून बोलत राहिला, दुभाषा भाषांतर करत राहिला, आणि अध्यक्ष हसले तरी त्यांनी हात सोडला नाही. पद गेल्यावरही हिरोशिमाला येत राहा, असं त्यांनी सांगितलं.

त्यांच्या शेजारी शिगेआकी मोरी होते. ओबामांनी त्यांना जवळ घेतलं तेव्हा मोरींना रडू आवरेना, आणि तो फोटो जगभर छापला गेला. मोरी बॉम्बच्या वेळी आठ वर्षांचे होते. एका पुलावरून ते नदीत फेकले गेले आणि त्यामुळेच वाचले. मोठेपणी साधी नोकरी करत असताना त्यांच्या हाती एक गोष्ट लागली: जुलै १९४५ च्या अखेरीस कुरे बंदरावरच्या हल्ल्यात पाडलेल्या विमानांतले १२ अमेरिकन सैनिक हिरोशिमाच्या लष्करी पोलिसांच्या कोठडीत होते, आणि ते आपल्याच देशाच्या बॉम्बने मेले. अमेरिकन सरकारने कित्येक वर्षं हे उघडपणे सांगितलं नव्हतं. मोरींनी सुटीचे दिवस घालून, स्वतःचे पैसे खर्चून चाळीसेक वर्षं शोध घेतला. इंग्रजी धड येत नसताना आंतरराष्ट्रीय टेलिफोन ऑपरेटरमार्फत आडनावं धरून एकेक कुटुंब हुडकलं. ज्या घरांना मुलगा कुठे, कसा गेला याचा पत्ता नव्हता, त्यांना तो कळवला. त्या सैनिकांची नावं आणि छायाचित्रं हिरोशिमाच्या स्मृतिदालनात नोंदवून घेतली.

ओबामांच्या भाषणात या माणसाचा नाव न घेता उल्लेख आहे. इथे मेलेल्या अमेरिकनांचं दुःखही आपल्या दुःखाइतकंच आहे असं मानून त्यांच्या कुटुंबांना शोधणारा माणूस, असं ते म्हणाले. त्या संध्याकाळी माफीची उणीव फार टोचली नाही, त्याचं कारण माझ्या मते इथे आहे. शत्रूच्या मृतांची मोजदाद करण्याचं काम एका हिबाकुशाने आधीच करून ठेवलं होतं. अमेरिकेचा अध्यक्ष त्या कामावर येऊन उभा राहिला. मोरी नसते तर तीच मिठी पोकळ वाटली असती.

भाषणातली फट

भाषण सुंदर होतं, यात शंका नाही. पण त्याच्या सुरुवातीलाच ओबामा म्हणाले की, ७१ वर्षांपूर्वी एका निरभ्र सकाळी आकाशातून मृत्यू कोसळला आणि जग बदलून गेलं. बॉम्ब कुणी टाकला, ते वाक्यात नाही. ‘निहोन हिदांक्यो’ या हिबाकुशांच्या संघटनेतल्या ज्येष्ठांना पुढे हे वाक्य वाचताना संताप आला. मृत्यू पावसासारखा आपोआप पडला नव्हता, ही त्यांची तक्रार अगदी रास्त आहे. हीच संघटना पुढे २०२४ च्या शांतता नोबेलची मानकरी ठरली.

गंमत नाही, पण असाच आक्षेप एका भारतीयाने त्याच उद्यानात खूप आधी घेतला होता. युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्याचे न्यायाधीश राधाबिनोद पाल १९५२ मध्ये हिरोशिमाला आले. स्मारकाच्या दगडावर मृतांना उद्देशून लिहिलं आहे की, शांत झोपा, ही चूक पुन्हा होणार नाही. चूक कुणाची, जपानी माणसांची की बॉम्ब टाकणाऱ्यांची, असं पालांनी तिथल्या तिथे विचारलं. सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारा त्यांचा वेगळा निकाल जपानच्या उजव्या गटांना फार प्रिय आहे आणि युद्धात मेलेल्या जपान्यांची पूजा होते त्या टोकियोतल्या यासुकुनी देवस्थानात त्यांचं स्मारकही आहे. त्यांचा तो निकाल मला पटत नाही. तो प्रश्न मात्र योग्य होता.

आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ओबामांसोबत हिरोशिमाच्या उद्यानात अण्वस्त्र सोडण्याचे आदेश देता येणारी बॅगही आली होती, जशी ती अध्यक्षासोबत सगळीकडे जाते. त्याच काळात अमेरिकेने आपल्या अण्वस्त्रसाठ्याचं नूतनीकरण हाती घेतलं होतं, ३० वर्षांत सुमारे एक लाख कोटी डॉलर खर्चाच्या अंदाजाचं. भेटीनंतर पाच महिन्यांनी, २७ ऑक्टोबर २०१६ रोजी, अण्वस्त्रबंदीच्या करारासाठी वाटाघाटी सुरू करण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या समितीत आला. १२३ देशांनी बाजूने मत दिलं. विरोधात गेलेल्या ३८ देशांत अमेरिका होती, आणि जपानही होता. भारत तटस्थ राहिला, तेव्हा आपल्यालाही फार मान वर करून बोलता येत नाही. त्सुबोईंना हात हातात धरू देणारा अध्यक्ष आणि हा ठराव पाडायला निघालेलं सरकार एकच होतं, हे प्रकरण अभ्यासताना सोबत ठेवावंच लागतं.

परतभेट

पर्ल हार्बरच्या भेटीची घोषणा ५ डिसेंबरला झाली. त्याआधी ऑगस्टमध्ये आबे यांच्या पत्नी आकिए तिथे जाऊन आल्या होत्या. ७ डिसेंबर १९४१ च्या हल्ल्यात २,४०३ अमेरिकन मेले, त्यांतले १,१७७ एकट्या अ‍ॅरिझोनावरचे. त्यांतले ९०० हून अधिक अजून त्या जहाजातच आहेत आणि जहाजातून तेलाचे थेंब आजही पाण्यावर येतात. आबे आणि ओबामांनी नावांच्या भिंतीसमोर फुलं ठेवली आणि त्या पाण्यात पाकळ्या सोडल्या.

आबे यांच्या भाषणात मनःपूर्वक आणि चिरंतन शोक होता, युद्धाची भीषणता पुन्हा घडू न देण्याचा शब्द होता, पराभवानंतर अन्न आणि कपडे पाठवणाऱ्या अमेरिकेबद्दल कृतज्ञता होती. हल्ला का झाला, कुणी ठरवला, यावर एक शब्द नव्हता. त्यांनी वैमानिक फुसाता इइदा यांची आठवण काढली. हल्ल्यात विमान निकामी झाल्यावर इइदा कानेओहेच्या तळावर कोसळून मेले, आणि अमेरिकनांनी त्यांचं लष्करी सन्मानाने दफन करून त्या जागी खूण उभारली. इथेही तेच दिसतं. परक्या मृताला मान देण्याचं काम साध्या सैनिकांनी १९४१ मध्येच केलं होतं, पंतप्रधान त्याच्या आधाराने बोलले.

माजी सैनिकांना आबे वाकून भेटले, आणि या वृद्धांपैकी अनेकांना ते पुरेसं वाटलं. त्यांच्या वतीने आणखी काही मागण्याचा अधिकार मला नाही.

पण पुढचे दोन दिवस बघा. २८ डिसेंबरला जपानचे पुनर्बांधणीमंत्री यासुकुनीला गेले. २९ ला संरक्षणमंत्री तोमोमी इनाडा गेल्या, ज्या पर्ल हार्बरला आबे यांच्यासोबत होत्या आणि नुकत्याच हवाईहून परतल्या होत्या. यासुकुनीत १९७८ पासून १४ प्रमुख युद्धगुन्हेगारांचीही पूजा होते. चीन आणि दक्षिण कोरियाने तातडीने निषेध केला. त्याच आठवड्यात बुसानच्या जपानी वाणिज्य दूतावासासमोर पीडित कोरियन स्त्रियांच्या स्मरणार्थ पुतळा बसवला गेला, हटवला गेला, पुन्हा बसवला गेला. जानेवारीत जपानने आपल्या राजदूतांना सोलहून माघारी बोलावलं.

म्हणजे समेट झाला तो दोन मित्रदेशांत, ज्यांचे लष्करी करार आधीच पक्के होते. युद्धाचा सर्वाधिक मार खाल्लेले आशियाई देश त्या चौकटीबाहेरच राहिले. ओबामांच्या भेटीच्या दिवशीच चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी म्हणाले होते की, हिरोशिमाकडे लक्ष द्यावं, पण नानजिंग तर विसरताच येणार नाही. चीन सरकार स्मृतीचं राजकारण करतं हे खरं, तरी त्या बोलण्यात तथ्य होतं. मराठी वाचकाला त्या युद्धाची चिनी बाजू अगदीच परकी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. भारतात येणारे चिनी नेते त्यांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले आहेत.

कोरियनांचं दुखणं तर हिरोशिमाच्या आतलंच. जपानची वसाहत असलेल्या कोरियातून कामाला आणलेले हजारो लोक त्या शहरात होते आणि बॉम्बमध्ये मेले. त्यांचं स्मारक १९७० मध्ये उभं राहिलं ते शांती उद्यानाच्या बाहेर. आत यायला १९९९ उजाडलं. ओबामांनी भाषणात हजारो कोरियनांचा उल्लेख केला, ही मोठी गोष्ट होती. पण जवळच असलेल्या त्या स्मारकापाशी ते गेले नाहीत. कोरियन हिबाकुशांची तेवढीच विनंती होती.

ते घडायला सात वर्षं लागली, आणि घडवणारे अमेरिकन नव्हते. मे २०२३ मध्ये हिरोशिमात जी-७ परिषद भरली तेव्हा पंतप्रधान झालेले किशिदा आणि दक्षिण कोरियाचे अध्यक्ष युन सुक-योल त्या स्मारकासमोर एकत्र उभे राहिले. दोन्ही देशांच्या प्रमुखांनी तिथे एकत्र जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या महिन्यात हिरोशिमाचं शांती उद्यान आणि पर्ल हार्बरचं राष्ट्रीय स्मारक यांच्यात भगिनी-उद्यानांचा करार झाला, आणि हिरोशिमातल्या काही हिबाकुशांनी त्याला विरोध केला. लष्करी तळावरचा हल्ला आणि शहरावर टाकलेला अणुबॉम्ब एका पारड्यात कसे, हा त्यांचा सवाल होता, आणि दोन सरकारांनी अजून त्याला उत्तर दिलेलं नाही. नानजिंगच्या स्मारकात जपानचे माजी पंतप्रधान गेले आहेत, पदावरचा एकही नाही. नागासाकीतही पदावरचा अमेरिकन अध्यक्ष अजून गेलेला नाही.